‘शारदा’ नाटक आणि ‘शारदा’ कायदा : नाट्यसाक्ष्याची एक तपासणी

नाटक हा समाजाचा आरसा होय, हें वाक्य आपल्याकडे इतक्या वेळां उच्चारिलें गेलें आहे कीं, त्याचा अर्थ तपासून पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. त्याच्याच जोडीस दुसरें एक वाक्य असतें : नाटकानें समाज सुधारतो. हीं दोन्ही वाक्यें एकाच दमांत म्हटलीं जातात. परंतु आरसा तोंड दाखवितो, तें धूत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकास हीं दोन विधानें निराळीं ठेवणें भाग आहे; कारण पहिल्यानें नाटक साक्षीदार ठरतें व दुसऱ्यानें तें कर्ता ठरतें. साक्षीदाराची साक्ष पारखून घ्यावी लागते. कर्त्याचें कर्तृत्व पुराव्यानें सिद्ध करावें लागतें. या दोहोंची गल्लत झाल्यामुळें मराठी रंगभूमीच्या इतिहासांत जीं कांहीं ढोबळ विधानें रूढ झालीं आहेत, त्यांपैकीं एकाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कै. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचें ‘संगीत शारदा’ हें नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीनें १८९९ सालीं रंगभूमीवर आणिलें. देवलांच्या सात नाटकांपैकीं स्वतंत्र कथानकाचें असें हें एकच. बाकीचीं संस्कृत अथवा पाश्चात्त्य कृतींच्या आधारें रचिलेलीं आहेत. पंचाहत्तरीच्या घरांतील धनाढ्य भुजंगनाथ, पैशासाठीं पोटची मुलगी त्याला देण्यास सिद्ध झालेला कांचनभट, दोघांमध्यें सौदा जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि या सौद्याचा बळी होऊं पाहणारी शारदा हीं पात्रें मराठी वाचकांस परिचित आहेत. पुढें १९२९ सालीं हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कायदेमंडळानें बालविवाहास आळा घालणारा कायदा केला व तो आपल्या लोकांत ‘शारदा कायदा’ या नांवानें प्रसिद्ध झाला. नाटकाचें नांव शारदा, कायद्याचें नांवही शारदा. तेव्हां नाटकावरूनच कायद्यास नांव पडलें, किंबहुना नाटकामुळेंच कायदा झाला, अशी समजूत ठिकठिकाणीं आढळते. व्याख्यानांतून ती सांगितली जाते आणि ऐकणारास ती गोड वाटते. ती कितपत खरी आहे हें पाहिलें पाहिजे.

नांवाचा उलगडा सोपा आहे. हें विधेयक १९२७ सालीं कायदेमंडळापुढें मांडणारे सभासद अजमेरचे हरविलास सारडा (१८६७–१९५५) हे होत. इंग्रजी लिपींत ‘ड’ आणि ‘द’ यांस एकच अक्षर असल्यामुळें ‘सारडा’चें वाचन ‘सारदा’ असें होतें. आणि ‘शारदा’ हें नांव ज्यांच्या ओठांवर आधींच खेळत होतें, त्या मराठी लोकांनीं ‘सारदा’चें ‘शारदा’ केलें यांत नवल नाहीं. कायद्याचें अधिकृत नांव बालविवाह-प्रतिबंधक कायदा असें आहे. लोकांतील नांव एका माणसाच्या आडनांवावरून पडलेलें आहे. देवलांच्या नायिकेशीं त्याचा संबंध निव्वळ उच्चारसादृश्याचा होय.

परंतु नांवाचा संबंध तुटला म्हणजे कार्यकारणाचा संबंधही तुटला असें होत नाहीं. नांव दुसऱ्याचें असेल, पण लोकमत नाटकानेंच तयार केलें, असें कोणी म्हणूं शकेल. म्हणून कायद्यामागील घटनांची परंपरा थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य या विषयांवर आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं. त्याच वर्षीं दादाजी भिकाजी यांनीं रखमाबाईंवर, त्यांनीं आपल्या घरीं नांदावयास यावें म्हणून, मुंबईच्या हायकोर्टांत फिर्याद गुदरली. रखमाबाईंचें लग्न त्यांच्या अजाणपणीं झालेलें होतें. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं निकाल त्यांच्या बाजूनें दिला. परंतु पुढें १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं, नवऱ्याकडे जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम केला. रखमाबाईंनीं कैद पत्करीन पण जाणार नाहीं असें सांगितलें. १८८८ सालीं तडजोड होऊन प्रकरण मिटलें. मध्यंतरीं १८८५ सालीं ‘एक हिंदु स्त्री’ या सहीनें त्यांनीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत आपली बाजू स्वतः मांडिली होती. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणी या अल्पवयी मुलीच्या मृत्यूबद्दल तिच्या नवऱ्यावर खटला झाला, आणि १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला. हें सर्व ‘शारदा’ रंगभूमीवर येण्यापूर्वीं घडलें.

नाटकानंतरची परंपराही अशीच स्पष्ट आहे. १९२७ च्या जानेवारींत पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें, व पुढें या परिषदेनें सारडांच्या विधेयकाचा जोरानें पुरस्कार केला. १९२८ सालीं सरकारनें वऱ्हाडांतील सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमिली. तिनें देशभर साक्षी घेऊन १९२९ सालीं आपला अहवाल सादर केला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून तो अमलांत आला. या मालिकेंतील प्रत्येक दुव्याला कागद आहे, आणि एक दुवा दुसऱ्यास जोडण्यासाठीं कोणत्याही नाटकाची गरज पडत नाहीं. महाराष्ट्राचा या कायद्याशीं खरा संबंध शोधावयाचा असेल, तर तो रखमाबाईंच्या खटल्यांत, पुण्याच्या त्या परिषदेंत व मोरोपंतांच्या समितींत सांपडेल.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, नाटकाची तक्रार व कायद्याची तक्रार या एक नव्हतच. १९२९ च्या कायद्यानें मुलीचें वय चौदा व मुलाचें अठरा याहून कमी असल्यास विवाह लावणें दंडनीय ठरविलें. वराच्या वयाला वरची मर्यादा त्यानें घातली नाहीं. आणि कायदा मोडून झालेलें लग्नही त्यानें रद्द ठरविलें नाहीं. अर्थात् कन्येस चौदावें वर्ष पुरें झालें असेल, तर पंचाहत्तर वर्षांच्या भुजंगनाथानें तिच्याशीं विवाह केल्यास हा कायदा त्याच्या वाटेस जात नव्हता. पुढें मुलीच्या वयाची मर्यादा १९४९ सालीं पंधरावर व १९७८ सालीं अठरावर गेली, आणि २००६ सालीं जुन्या कायद्याच्या जागीं नवा कायदा आला. परंतु वधूवरांच्या वयांतील अंतरावर यांपैकीं कोणीही बोट ठेविलें नाहीं. देवलांचा रोख जरठविवाहावर व कन्याविक्रयावर आहे, आणि तेवढाच भाग या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला आहे.

जरठविवाहावर नेमकें बोट ठेवणारा कायदा हिंदुस्थानांत झालाच नाहीं असें मात्र नाहीं. म्हैसूर संस्थानानें १८९४ सालीं जो विवाहविषयक निर्बंध केला, त्यांत आठ वर्षांखालील मुलीच्या लग्नास बंदी होती, आणि त्याचबरोबर पन्नाशी उलटलेल्या पुरुषानें चौदा वर्षांखालील मुलीशीं विवाह करण्यासही बंदी होती. हा निर्बंध ‘शारदे’च्या पांच वर्षें आधींचा आहे. म्हणजे जेथें ‘शारदा’ नव्हती तेथें भुजंगनाथाला अडविणारा कायदा झाला, आणि जेथें ‘शारदा’ गांवोगांव गाजली त्या मुंबई इलाख्यांत तसा कायदा झाला नाहीं. नाटकामुळें कायदा होतो, या सिद्धांतास यापेक्षां अडचणीचें दुसरें उदाहरण मिळणें कठीण आहे.

आतां नाटकाच्या अंतरंगाकडे वळूं. कथेंत भुजंगनाथाचें लग्न कशानें मोडतें? तो वृद्ध आहे म्हणून तें मोडत नाहीं. मुलीची संमति नाहीं म्हणूनही मोडत नाहीं. वर आणि वधू सगोत्र आहेत हें कोदंड उघडकीस आणितो, व त्या एका दोषामुळें विवाह थांबतो. सगोत्रतेचा दोष नसता, तर मंडपांतील मंडळींना अक्षता टाकण्यास प्रत्यवाय नव्हता. पुढें अशा रीतीनें मंडपांत लग्न मोडलेल्या मुलीची समाजांत धडगत नाहीं हें पाहून शारदा जीव देण्यास निघते, कोदंड तिला वांचवितो, आणि अखेरीस शंकराचार्यांच्या अनुज्ञेनें त्या दोघांचा विवाह होतो. शास्त्रानें बांधलेली गांठ शास्त्रानेंच सोडविली, आणि नवी गांठ धर्मपीठाच्या संमतीनें बांधली गेली. कायदेमंडळ, कोर्ट, सरकार यांचा आधार हें नाटक मागत नाहीं. सुधारणा घरांतल्या घरांत, धर्माच्या अधिकारानेंच व्हावी, अशीच त्याची रचना आहे. अशा नाटकाला सरकारी कायद्याचें जनकत्व देणें म्हणजे त्याचा आशयच उलटा करणें होय.

कित्येक टीकाकार या शेवटास नाटककाराचा भित्रेपणा म्हणतील. आम्ही तसें म्हणत नाहीं. आमच्या मतें इतिहासाच्या दृष्टीनें नाटकाचा हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या वादानें महाराष्ट्रांतील सुशिक्षित समाज दुभंगला होता. एका बाजूस आगरकरांनीं १८८८ सालीं काढिलेलें ‘सुधारक’ पत्र, दुसऱ्या बाजूस परक्या सरकारनें आमच्या धर्मांत हात घालूं नये असें सांगणारे टिळक व त्यांचा ‘केसरी’. किर्लोस्कर मंडळीच्या नाट्यगृहांत या दोन्ही पक्षांचे लोक तिकिटें काढून शेजारीं शेजारीं बसत. त्यांच्यापुढें बालविवाहावर नाटक लिहिणें म्हणजे बहुतेक प्रेक्षकांच्या स्वतःच्याच घरावर नाटक लिहिणें झालें असतें. कारण लहानपणीं लग्न होणें हा त्या घरांतील अपवाद नसून रिवाज होता. उलट पैसे मोजून नात शोभेल अशी मुलगी वरणारा म्हातारा हा दोन्ही पक्षांच्या तिरस्काराचा विषय होता. सुधारकाला त्यांत स्त्रीची विटंबना दिसे. सनातन्याला त्यांत कन्याविक्रयाचें पातक दिसे, आणि कन्येबद्दल द्रव्य घेणाऱ्या पित्याचा निषेध मनुस्मृतींतही आहे. देवलांनीं नेमका हा समाईक तुकडा उचलला, आणि त्याचा निकाल लावितांना सगोत्रता व शंकराचार्य हीं दोन्ही पक्षांस नाकारतां न येणारीं प्रमाणें वापरलीं. म्हणून ‘शारदे’वरून आपणांस १८९९ च्या प्रेक्षकाच्या मनाची मर्यादा मोजतां येते : तो कशास हंसण्यास तयार होता, कशासाठीं रडण्यास तयार होता, आणि कोठें येऊन थांबत होता.

रंगभूमि स्वभावतःच सुधारणेच्या बाजूची असते, या समजुतीलाही त्या काळच्या इतिहासांत आधार नाहीं. नारायण बापूजी कानिटकर यांनीं १८८६ सालीं ‘तरुणीशिक्षणनाटिका’ लिहून स्त्रीशिक्षणाचें भेसूर भविष्य रंगविलें, व १८९२ सालीं ‘संमतिकायद्याचें नाटक’ लिहून नुकत्याच झालेल्या कायद्याची खिल्ली उडविली. हींही नाटकेंच, आणि समाजाशीं त्यांचा संबंध ‘शारदे’इतकाच जवळचा. नाटकानें समाज सुधारतो असें ज्यांस म्हणावयाचें असेल, त्यांनीं कानिटकरांच्या नाटकांनीं समाज किती मागें नेला याचाही हिशेब द्यावयास पाहिजे. तो हिशेब कोणी देत नाहीं. कारण जें आपणांस पुढें आवडलें त्याचेंच श्रेय रंगभूमीच्या खात्यावर मांडण्याची आपली रीत आहे.

येथें एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. नाटकाचा परिणाम कागदावर उमटतोच असें नाहीं. मनें हळूहळू बदलतात व त्यांची नोंद कोठें होत नाहीं. ही गोष्ट आम्हांस मान्य आहे. ‘शारदे’नें जें केलें तें आमच्या मतें असें : तिनें एका मूक अन्यायास भाषा दिली. ‘भुजंगनाथ’ हें विशेषनामाचें सामान्यनाम झालें. म्हाताऱ्या वराची ओळख त्या एका शब्दानें पटूं लागली. ज्या प्रकाराकडे पूर्वीं लोक ‘चालावयाचेंच’ म्हणून पाहत, त्याला चारचौघांत हंसण्याची सोय झाली. ज्या गोष्टीस लोक मोकळेपणें हंसतात ती प्रतिष्ठेनें करणें अवघड होतें. हा परिणाम लहान नाहीं. परंतु तो रूढीच्या प्रतिष्ठेवरील परिणाम आहे. कायदा होणें ही त्याहून निराळी क्रिया असून तिचे कर्ते निराळे आहेत.

ज्या ठिकाणीं नाटकाचा परिणाम खरोखर राज्ययंत्रापर्यंत पोंचला, तेथें कागद बोलतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवधा’चें उदाहरण घ्यावें. महाभारतांतील कथेआड कर्झनशाहीवरील टीका आहे हें सरकारनें ओळखलें. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा निर्बंध त्याच्या हाताशीं होताच. आणि १९१० सालीं नाटकावर बंदी आली. त्याच वर्षीं व्हॅलेंटाइन चिरोल यानें हिंदुस्थानांतील असंतोषावर लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत या नाटकाची दखल घेतली. येथें परिणाम अनुमानानें काढावा लागत नाहीं. राज्यकर्त्यांचें भय हीच त्याची नोंद आहे. ‘कीचकवधा’स लावलेलें माप ‘शारदे’स लाविलें, तर दोहोंतील फरक सहज ध्यानांत येईल.

नाटकाची साक्ष घेतांना तें कोणाला रंगमंचावर येऊं देत नाहीं, हेंही विचारावें लागतें. शारदेचें दुःख प्रेक्षकांपुढें पुरुषाच्या मुखानें मांडलें गेलें. पुढें बालगंधर्वांनींही ही भूमिका केली. स्त्रियांच्या निराळ्या नाटकमंडळ्या होत्या, तरी प्रतिष्ठित मंडळ्यांत स्त्रीची भूमिका स्त्रीनें करणें रूढ नव्हतें. नाट्यमन्वंतर संस्थेनें १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून त्यांत स्त्रीभूमिका स्त्रियांकडे दिल्या. तो प्रयोग याच कारणानें संस्मरणीय ठरला. ‘शारदे’पासून तेथपर्यंत चौतीस वर्षें लोटलीं. तितका काळ मुलीच्या दुःखानें गहिंवरणारा प्रेक्षक मुलीनें तें दुःख स्वतः उभें राहून सांगावें यास राजी नव्हता.

आणखी मागें गेल्यास जोतीराव फुले यांचें ‘तृतीय रत्न’ दिसतें. तें १८५५ सालीं लिहून त्यांनीं दक्षिणा प्राइझ कमिटीपुढें ठेविलें. कमिटीनें तें स्वीकारिलें नाहीं. तें छापून प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडावें लागलें. भटाकडून नाडल्या जाणाऱ्या कुणबी जोडप्याची ही कथा आपल्या काळांत रंगभूमीपर्यंत पोंचलीच नाहीं. ‘शारदे’चा संसार एका विशिष्ट वर्गाचा आहे, तिच्यांतील गोत्र, दीक्षित, आचार्य हे त्याच वर्गाचे. म्हणून त्या काळच्या रंगभूमीस ‘समाजाचा आरसा’ म्हणतांना कोणत्या समाजाचा, हा प्रश्न सोडून चालणार नाहीं. जें नाटक झालें तें जितकी साक्ष देतें, तितकीच जें होऊं शकलें नाहीं तेंही देतें.

वरील विवेचनावरून नाट्यसाक्ष्याविषयीं तीन गोष्टी आम्ही अभ्यासकांपुढें ठेवितों. पहिली : नाटकाचा विषय व त्या विषयावरील कायदा अथवा चळवळ यांचा आशय एकच आहे कीं काय, हें नांवाच्या साम्यावर न जातां तपासावें. दुसरी : नाटकाचा प्रश्न जितका महत्त्वाचा तितकाच त्याचा तोडगा महत्त्वाचा मानावा, कारण नाटककार प्रश्न आपल्या मनांतून काढीत असला तरी तोडगा त्याला प्रेक्षकांच्या मनांतून काढावा लागतो. तिसरी : नाटकास कर्तृत्व देण्यापूर्वीं ज्यांचें कर्तृत्व कागदोपत्रीं सिद्ध आहे त्यांची आठवण ठेवावी.

या तिसऱ्या गोष्टीसाठींच मुख्यत्वेंकरून हा लेख लिहिण्याचें प्रयोजन पडलें. ‘शारदे’मुळें कायदा झाला असें म्हणण्यानें देवलांचा गौरव होतो असें वाटतें, वस्तुतः त्यांच्या पदरीं न मागितलेलें श्रेय पडतें, आणि त्यांनीं खरोखर साधलेली गोष्ट झांकली जाते. दुभंगलेल्या प्रेक्षकवर्गास एका मुलीच्या दुःखाभोवतीं एकत्र बसविणें ही त्यांची करामत होती. परंतु अधिक मोठा अन्याय दुसरीकडे होतो. कोर्टांत उभी राहून कैद पत्करण्यास सिद्ध झालेली रखमाबाई, पुण्याच्या परिषदेंत जमलेल्या स्त्रिया व समितीपुढें साक्षी देणारीं माणसें या सर्वांच्या जागीं आपण नाटकांतील एक रडणारी मुलगी बसवितों. तिला वांचविण्यास कोदंड आला होता. रखमाबाईंसाठीं कोणी कोदंड आला नाहीं. त्यांनीं स्वतः लिहिलें, स्वतः नकार दिला, आणि १८८९ सालीं विलायतेस जाऊन वैद्यकाचा अभ्यास केला व पुढें सुरत आणि राजकोट येथें रुग्णसेवा केली. शारदेची कीर्ति तिची तिलाच असावी. परंतु १९२९ च्या कायद्याचा इतिहास सांगतांना प्रथम नांव घ्यावयाचें तें रखमाबाईंचें, असें आमचें मत आहे.